कॅरव्हॅनचे दार लागत नाही? कुलूप बदलण्याआधी दार तपासा

सकाळी सातला अलगद लागणारे दार दुपारी तीनला आपटूनही लागत नसेल, तर कुलपाला हात लावू नका. दोष तिथे नाही. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून बराच जास्त तापतो. ॲल्युमिनियमची १.८ मीटर उंच चौकट ४० अंशांनी तापली की साधारण दीड मिलिमीटरने वाढते. लोखंडी चौकट त्याच्या निम्म्याने वाढते. शिवाय बाहेरचा पत्रा भाजलेला आणि आत एसीमुळे आतला पत्रा गार, म्हणून दार धनुष्यासारखे वाकून मध्यावर बाहेर फुगते. कुलूप बहुधा मध्याच्या आसपासच असते. फुगलेल्या दारावरची जीभ स्ट्रायकरपर्यंत (जीभ अडकते त्या चौकटीवरच्या तुकड्यापर्यंत) पोचत नाही, मग माणूस दार आपटतो, आणि खरे नुकसान तेव्हापासून सुरू होते. आधी आतली प्लास्टिकची क्लिप तुटते, नंतर बिजागरीचे स्क्रू ढिले होतात.

कॅरव्हॅनच्या दाराची तक्रार आली की आधी दार, मग बिजागरी, मग रबर, मग स्ट्रायकर आणि शेवटी कुलूप या क्रमाने दुरुस्तीला घ्यायचे. उलट्या क्रमाने गेलात तर नवे कुलूपही महिन्याभरात तसेच अडेल.

गाडीत कोणकोणती कुलपे असतात

आपल्याकडच्या बहुतेक कॅरव्हॅन ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर किंवा बसच्या चॅसीवर बॉडी बांधून केलेल्या असतात. मागे जोडून ओढायच्या कमी. त्यामुळे एकाच गाडीत तीन-चार जातींची कुलपे सापडतात. केबिनची दारे कंपनीची. त्यांचे भाग मॉडेल सांगून स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतात, त्यात फार डोके चालवावे लागत नाही. राहण्याच्या भागाचे दार मात्र बॉडीवाल्याने बनवलेले असते: २५ मिमी चौकोनी पाइपची चौकट, दोन्हीकडून पत्रा किंवा एसीपी (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनल), मध्ये थर्माकोल किंवा पफ (पॉलियुरेथेन फोम). त्यावर बहुधा पॅडल लॅच असतो, म्हणजे पत्र्यात बसवलेली वाटी आणि तिच्यातली बोटांनी ओढायची पट्टी. बाहेरच्या डिक्यांना कॅमची, म्हणजे चावीबरोबर मागची पट्टी फिरणारी कुलपे (दुकानात ‘मल्टिपर्पज लॉक’ म्हणा, लगेच कळते) आणि आतल्या कपाटांना पुश बटण किंवा चुंबक.

मुख्य दाराच्या लॅचचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. दाराच्या कडेकडे पाहा. एका बाजूने तिरकी, स्प्रिंगवर आत-बाहेर होणारी जीभ दिसली तर तो जिभेचा लॅच. खाच असलेला, गोल फिरणारा लोखंडी तुकडा दिसला तर तो पंजाचा. पंजा चौकटीवरच्या खुंटीला मिठी मारतो आणि तो दोन टप्प्यांत लागतो. पहिल्या ‘टक’ला दार अर्धवट धरलेले असते, दुसऱ्याला पुरते. अर्धवट लागलेले दार बाहेरून बंदच दिसते. हायवेवर ट्रक शेजारून गेला की ते खडखडते आणि खड्ड्यात उघडूही शकते. म्हणून पंजाच्या लॅचवर दोन्ही आवाज ऐकल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

दोष शोधताना

गाडी आधी सपाट जागेवर घ्या. एक चाक दगडावर किंवा गटाराच्या कडेवर असेल तर सगळी बॉडी पिळली जाते आणि दाराची चौकट तिरकी होते. कोपऱ्याचे जॅक लावलेले असतील तर तेही सोडून पाहा, कारण एखादा जॅक प्रमाणाबाहेर आवळला असला तरी हाच परिणाम दिसतो. यात्रेत शेतात किंवा मोकळ्या मैदानावर गाडी उभी केली आणि दार अडू लागले, तर पन्नास फूट पुढे घेऊन बघणे हा पहिला उपाय.

आता दार उघडे ठेवूनच लॅच नुसता चालवून पाहा, खोलायचा नाही. जीभ अंगठ्याने दाबा. सोडताक्षणी ती खटकन बाहेर आली पाहिजे. रेंगाळत आली तर आत घाण आहे किंवा स्प्रिंग दमली आहे. पंजा असेल तर स्क्रू ड्रायव्हरच्या दांडक्याने तो फिरवा, दोन आवाज ऐका, मग हँडल ओढून सोडवा. बाहेरचे हँडल, आतले हँडल आणि चावी या तिन्हींनी तो वेगवेगळा सोडवून पाहा. तपासून झाल्यावर पंजा मोकळा केल्याशिवाय दार लावू नका. बंद पंजा खुंटीवर आदळला तर खुंटी वाकते, नाहीतर पंजाचे तोंड चेपते. ही चूक फिटरांकडूनही होते.

दार उघडे असताना सगळे नीट चालत असेल तर कुलूप निर्दोष आहे. पुढे बिजागरीकडे वळा.

दार अर्धे उघडा, कुलपाकडची कड दोन्ही हातांनी धरून वर उचला. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त खेळ जाणवला तर बिजागरी गेली आहे, पिनमध्ये तरी किंवा स्क्रूमध्ये तरी. दार लावून फट बघा. कुलपाकडच्या वरच्या कोपऱ्यात फट रुंद आणि खालच्या कोपऱ्यात दार घासते आहे, ही दार लोंबल्याची खूण. अशा वेळी जीभ स्ट्रायकरच्या खालच्या काठावर आपटते. अनेक जण स्ट्रायकर खाली सरकवून मोकळे होतात. ते दोन-तीन महिने चालते, तोवर दार आणखी लोंबते.

बिजागरी ढिली का होते हे समजून घ्या. चौकटीच्या पाइपची भिंत जेमतेम दीड मिलिमीटर जाड असते. त्यात पत्र्याचा स्क्रू एखाद-दुसऱ्या आट्यावरच धरलेला असतो. दाराचे वजन आणि रस्त्याचा हादरा यांनी ते आटे झिजतात. त्याच भोकात जाड स्क्रू घालणे ही एकदाच वापरता येणारी पळवाट आहे. पुढच्या वेळी भोक आणखी मोठे झालेले असते. पक्के काम दोन प्रकारे होते. भोकात एम ६ चा रिव्हेट नट (रिव्हेटसारखा पत्र्यात दाबून बसणारा, आतून आट्यांचा नट) बसवून त्यात बोल्ट घ्यायचा, किंवा चौकटीच्या मागे ३ मिमी जाडीची पट्टी देऊन आरपार बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्याने न सुटणारा) लावायचा. पिन झिजली असेल तर सगळ्या बिजागऱ्या एकदमच बदला. एक नवी आणि दोन जुन्या ठेवल्या तर सगळा भार नवीवर येतो. स्क्रू काढण्याआधी दाराखाली लाकडी पाचर किंवा छोटा जॅक द्या. नाहीतर दाराचे वजन शेवटच्या स्क्रूवर येऊन पत्रा फाटतो.

रबराची परीक्षा वर्तमानपत्राच्या पट्टीने होते. दोन बोटे रुंदीची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंना दोन-दोन ठिकाणी करा. सगळीकडे सारख्याच अडखळत निघाल्या तर दाब बरोबर आहे. बिजागरीकडे पट्टी फाटते आणि कुलपाकडे सहज निघते, असे झाले तर बिजागरीकडचे रबर जाड आहे किंवा दुमडले आहे, आणि तेच दाराला मागे रेटते आहे. नवे रबर बसायला थोडे दिवस लागतात, त्यामुळे रबर बदलल्याबरोबर स्ट्रायकर हलवायची घाई नको. जुने रबर उन्हाने कडक झाले असेल तर सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस किंवा तेल लावू नका. दारांना वापरतात ते ईपीडीएम रबर खनिज तेलाने फुगते आणि दार आणखी अडते.

हे सगळे बरोबर निघाले तर स्ट्रायकर. जिभेच्या टोकाला ओला खडू किंवा कपड्याची नीळ लावा, दार हळू टेकवा आणि उघडा. स्ट्रायकरवर डाग कुठे उमटला ते पाहिले की किती आणि कोणीकडे सरकवायचे ते कळते. सरकवण्याआधी त्याच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून ठेवा, म्हणजे चुकले तर मूळ जागा हाती राहते. एका वेळी एकच मिलिमीटर. जीभ १२ मिमी बाहेर येत असेल तर निदान ८ मिमी स्ट्रायकरमध्ये शिरली पाहिजे, त्याहून कमी असेल तर खड्ड्यात दार सुटते. हे काम दुपारी दार तापलेले असताना करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. दुपारी लागते आणि सकाळी खडखडत नाही, अशी मधली जागा शोधायची असते. फक्त सकाळी जुळवलेला स्ट्रायकर मे महिन्यात टिकत नाही. दाराभोवती सगळीकडे ३ ते ४ मिमी फट हवीच. ती नसेल तर जुळवाजुळव करून उपयोग नाही, दाराची कड तासावी लागेल.

चावीच्या तक्रारी

चावी जाते पण फिरत नाही: दार लॅचजवळ तळहाताने आत दाबून फिरवा. फिरली तर कुलूप दाबाखाली आहे, म्हणजे पुन्हा दार-रबर-स्ट्रायकरच. दार उघडे असतानाही फिरत नसेल तर दुसरी चावी लावा. दुसरी फिरली तर पहिली झिजली आहे. नवी चावी दुसरीवरून पाडून घ्या. झिजक्या चावीची नक्कल ही झिजकीच निघते.

चावी फिरते पण काहीच होत नाही: बॅरलच्या (चावी ज्यात फिरते त्या नळीच्या) मागचा पट्टीचा स्क्रू सुटला आहे किंवा हँडल-चावी लॅचला जोडणाऱ्या जोडदांडीची क्लिप तुटली आहे. ही प्लास्टिकची क्लिप उन्हाने ठिसूळ होते आणि सर्वांत आधी जाते. आतले पॅनल उघडले की दहा मिनिटांचे काम. एवढ्यासाठी अख्खे कुलूप बदलायचे कारण नाही. हँडल लुळे पडून परत जागेवर येत नसेल तर त्याची परतीची स्प्रिंग तुटली आहे, हेही पॅनलमागेच दिसते.

अर्धी फिरवलेली असताना चावी बाहेर निघते: आतल्या पत्र्या झिजल्या. इथे बॅरल बदलायचेच. अशा कुलपात दुसऱ्याची चावीही चालू शकते.

धूळ, तेल आणि बोअरचे पाणी

या भागातली काळ्या मातीची धूळ फार बारीक असते आणि ती चावीच्या खाचेतून थेट बॅरलमध्ये जाते. त्यावर कोणी मशीनचे किंवा खोबरेल तेल सोडले की आत लुगदी तयार होते. पहिला आठवडा कुलूप झकास चालते आणि नंतर कायमचे जड होते. बॅरलमध्ये तेल घालायचे नाही.

आधी पंक्चरवाल्याकडच्या हवेने खाच साफ करा. मग सफाईचा स्प्रे नळी लावून दोन सेकंद मारा, चावी पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करा आणि दर वेळी कापडाने पुसा. पुसल्यावर काळे येणे थांबले की पुरे. हा स्प्रे साफ करतो, वंगण म्हणून टिकत नाही. अर्धा तास वाळू द्या, मग चिमूटभर ग्राफाइट पूड घाला. ती नसेल तर २बी किंवा त्याहून मऊ पेन्सिलीचे शिसे कानशीवर घासून घ्या आणि ती पूड चावीला चोळून चावी फिरवा. ओल्या बॅरलमध्ये ग्राफाइट टाकले तर तीही लुगदीच होते.

लॅचचे यंत्र वेगळे. जीभ, पंजा आणि स्प्रिंग यांना ग्रीस लागते. जुने ग्रीस रॉकेल आणि टूथब्रशने काढा, पूर्ण कोरडे करा, मग पांढरे लिथियम ग्रीस हरभऱ्याएवढे लावा. जास्त लावले तर धूळ धरते. लॅच दारावरच असेल तर थिनर किंवा पेट्रोल मुळीच वापरू नका. ते आत ओघळले की थर्माकोल विरघळतो आणि दार आतून पोकळ होते. बोअरच्या जड पाण्याने गाडी धुतली की कुलपावर पांढरा थर बसतो, म्हणून धुतल्यावर कुलपे लगेच कोरड्या कापडाने पुसा. ही सगळी सफाई वर्षातून दोनदा पुरते, मार्चमध्ये आणि पाऊस संपल्यावर.

बदलायचेच असेल तर काय मोजायचे

जुने कुलूप काढून सोबत नेणे सर्वांत उत्तम. ते शक्य नसेल तर दाराची जाडी, कुलपासाठी दारात कापलेल्या खिडकीची लांबी-रुंदी, स्क्रूच्या भोकांचे मध्य ते मध्य अंतर, दाराच्या कडेपासून खिडकीच्या मध्यापर्यंतचे अंतर आणि जिभेची लांबी-जाडी, एवढे व्हर्नियरने मोजा. पुठ्ठ्यावर खिडकीचा आकार उतरवून घ्या आणि समोरून, कडेकडून, मागून फोटो काढा. दुकानात अजून सुतात बोलतात. एक सूत म्हणजे ३.२ मिमी धरा आणि शक्यतो मिलिमीटरच सांगा. कुलपाच्या बाबतीत एका सुताची चूकही फार मोठी असते.

दाराची बाजू हा वेगळा मुद्दा आहे. आपण डावीकडून चालतो, म्हणून राहण्याच्या भागाचे दार गाडीच्या डाव्या अंगाला, फुटपाथकडे असते. बिजागरी पुढच्या कडेला असावी, म्हणजे चालत्या गाडीत दार सुटलेच तर वारा ते बंद करतो. बाहेर दारासमोर उभे राहिल्यावर बिजागरी तुमच्या डाव्या हाताला आणि कुलूप उजव्या हाताला आले पाहिजे. ब्रिटनमध्येही डावीकडूनच चालतात, त्यामुळे तिथली कुलपे आपल्या बाजूला जुळतात. युरोपातल्या उजवीकडून चालणाऱ्या देशांतली उलट्या हाताची असू शकतात. ऑनलाइन मागवताना हीच चूक होते आणि तिरक्या जिभेचे तोंड उलटे येते. काही लॅचची जीभ काढून फिरवता येते, पण विकत घेण्याआधी विचारून घ्या.

परदेशी बनावटीचे कॅरव्हॅन लॉक इथे क्वचितच हाताशी मिळते. बसच्या बॉडीचे सामान विकणाऱ्यांकडचा पॅडल लॅच मापाला बसत असेल तर तो घ्यायला हरकत नाही, उलट तो दणकट असतो आणि पुन्हा लागला तर मिळतो. घेताना चुंबक लावून पाहा. चकचकीत क्रोमच्या कुलपाला चुंबक घट्ट धरला तर आत लोखंड आहे, दोन पावसाळ्यांत तांबेरेल. स्वस्त कॅमची कुलपे घेताना दोन उघडायला सांगा आणि चाव्या अदलाबदल करून फिरवा. यांच्या चाव्यांचे प्रकार थोडेच असतात आणि एकीने दुसरे उघडणे नवलाचे नाही.

मुख्य दाराचे कुलूप आतून चावीशिवाय, एका हालचालीत उघडले पाहिजे. दोन्हीकडून चावी लागणारे कुलूप घरच्या दाराला ठीक आहे, पण इथे आत गॅसची शेगडी आहे, वायरिंग आहे, माणसे झोपलेली आहेत. धुरात चावी सापडत नाही. त्याच कारणाने मुख्य दाराला बाहेरून आल्ड्रॉप किंवा कडी-कोयंडा ठोकू नका. आत माणसे असताना कोणीही येता-जाता ती सरकवू शकतो. चोरीची काळजी वाटत असेल तर आतून उघडणारेच दुसरे लॅच वरच्या बाजूला बसवा.

बसवण्याचे काम

दोन-तीन तास लागतात. ड्रिल, ३.२ आणि ४.८ मिमीचे बिट, रिव्हेट गन, सपाट व गोल कानस, मास्किंग टेप, ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी), झिंक प्रायमर, निळे थ्रेड लॉकर (स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद), स्टेनलेसचे स्क्रू आणि नायलॉक नट जवळ ठेवा. सावलीत काम करा.

आतले पॅनल काढा. जोडदांड्या सोडवण्याआधी त्यांचा फोटो घ्या, कोणती कोणत्या भोकात होती ते नंतर आठवत नाही. कुलूप रिव्हेटने धरलेले असेल तर रिव्हेटच्या मध्यावर पंच मारा आणि रिव्हेटच्याच मापाचा बिट लावून फक्त डोके उडवा. मोठा बिट लावला की भोक मोठे होते आणि नवा रिव्हेट धरत नाही. रिव्हेट बिटाबरोबर फिरू लागला तर डोक्याखाली पातळ पटाशी सारून धरा. ड्रिलचा चुरा लॅचमध्ये किंवा दाराच्या तळात राहू देऊ नका. लोखंडी चुरा पहिल्याच पावसात गंजतो आणि पत्र्यावर तपकिरी ओघळ येतात.

नव्या कुलपाला मोठी खिडकी लागत असेल तर आधी चौकटीचा पाइप कुठून जातो ते शोधा. पाइप कापला की दार पिळते आणि ते पुन्हा सरळ होत नाही. मास्किंग टेपवर आकार काढा, कोपऱ्यांना ८ मिमीची भोके पाडा आणि बारीक दात्यांच्या, इंचाला २४ दाते असलेल्या पात्याने जिगसॉ चालवा. रेघेच्या आत एक मिलिमीटर राखून कापा, उरलेले कानशीने घ्या. कापलेली लोखंडी कड झिंक प्रायमरने रंगवा आणि ती सुकेपर्यंत थांबा. नवी वाटी जुन्या खिडकीपेक्षा लहान असेल तर भोक पुट्टीने भरू नका, हादऱ्याने ती गळते. २ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी कापून मागून रिव्हेट करा आणि तिच्यात नवी खिडकी कापा.

घरगुती दुरुस्तीत बहुतेक काम फसते ते इथे: दोन पत्र्यांमध्ये नुसता थर्माकोल असेल तर स्क्रू आवळताना पत्रे आत दबतात. वाटी वाकडी होते, जीभ घासते, आणि दोष नव्या कुलपाला दिला जातो. स्क्रूच्या प्रत्येक जागी थर्माकोल कोरून दोन पत्र्यांमधल्या अंतराएवढा पक्क्या लाकडाचा ठोकळा किंवा ॲल्युमिनियमच्या नळीचा तुकडा बसवा आणि स्क्रू त्यातून न्या. मग कितीही आवळले तरी दार दबत नाही.

वाटीच्या काठाखाली ब्युटाइल टेप वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना लावा, खालची कड मोकळी सोडा. पाणी कुठून तरी आत येतेच, त्याला बाहेर जायला वाट हवी. चारही बाजू बंद केल्या तर ते दारात साठून प्लाय कुजवते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नका, त्यातल्या आम्लाने धातू गंजतो. ॲल्युमिनियममध्ये साधा लोखंडी स्क्रू घातला तर ओलाव्यात दोन धातूंच्या सांध्यात पांढरी पूड धरते आणि भोक सैल होते. स्टेनलेसचा स्क्रू घ्या आणि त्याला किंचित ग्रीस लावून बसवा. जिथे मशीन स्क्रू आणि नट आहे तिथे निळे थ्रेड लॉकर, ते मात्र ग्रीस न लावलेल्या आट्यांवरच धरते. लाल नको, पुढे सोडवता येणार नाही. थ्रेड लॉकर प्लास्टिकवर सांडू देऊ नका, काही प्लास्टिकला त्याने तडे जातात.

जोडदांडी जोडताना हँडलला एक-दोन मिलिमीटर मोकळा खेळ राहिला पाहिजे. दांडी ताणून बसवली तर लॅच किंचित उचललेलाच राहतो आणि गतिरोधकावर दार उघडते. बहुतेक दांड्यांच्या टोकाला आटे असतात, ते फिरवून लांबी जुळवा. नंतर दार उघडे ठेवून आतून, बाहेरून आणि चावीने दहा-दहा वेळा चालवा. त्यानंतरच दार लावायचे. पहिल्यांदा लावताना एक जण आत, एक बाहेर, केबिनचे दार उघडे आणि स्क्रू ड्रायव्हर आतल्या माणसाच्या हाती.

डिक्या आणि आतली कपाटे

कॅमच्या कुलपाचे भोक साधारणपणे १९ मिमीचे असते, पण गोल नाही. दोन बाजू सपाट आणि त्यांच्यातले अंतर १६ मिमी. गोल भोक पाडून बसवले तर चावीबरोबर अख्खे कुलूप फिरते आणि पाठीमागचा नट सैल होतो. गोल झालेच असेल तर दोन सपाट बाजू असलेल्या भोकाची छोटी पट्टी मागे लावा. पत्रा आणि दाबलेले रबर मिळून जेवढी जाडी होते, त्यावरून कॅमची लांबी आणि वाक ठरवा. डिकी खुळखुळत असेल तर कॅम किंचित आत वाकवता येतो, मात्र तो काढून, शिकंजात धरून. गॅसच्या डिकीचे कुलूप बदलताना खालची हवेची जाळी पट्टीने झाकली जाणार नाही याकडे लक्ष द्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खालूनच बाहेर जातो.

आतल्या कपाटांना नुसता चुंबक पुरत नाही. वळणावर भांडी दारावर रेलली की तो सुटतो. पुश बटण लॉक लावा, घेताना प्लायची जाडी सांगा. शौचालयाच्या कडीला बाहेरून नाण्याने उघडता येणारी खाच असलेली घ्या, लहान मूल आत अडकले तर उपयोगी पडते.

दाराला पाठीमागे धरून ठेवणारा हुक नसेल तर तोही याच वेळी बसवा. मे-जूनमध्ये वळवाआधी सुटणारा वारा उघडे दार एका झटक्यात बॉडीवर आपटतो आणि बिजागरी पिळते.

दार अडकलेच तर

पहार घेऊन उचकटायला जाऊ नका. गाडी सावलीत घ्या किंवा दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर पाणी मारून ते गार करा. उन्हाने फुगलेले दार अनेकदा एवढ्याने सुटते. केबिनमधून आत जाता येत असेल तर आतून पाहा. एकाने दार लॅचच्या उंचीवर आत दाबायचे, दुसऱ्याने चावी किंवा हँडल फिरवायचे. तरी नाही, तर आतले पॅनल उघडून लॅचची कळ स्क्रू ड्रायव्हरने ढकला. शेवटचा उपाय बॅरल ड्रिलने काढण्याचा: चावीच्या खाचेत आधी ३ मिमी, मग ६, मग १० मिमीचा बिट, हळू वेगाने. बॅरल गेले तरी लॅच आणि दार वाचते, आणि ती दोन्ही बॅरलपेक्षा महाग असतात. चावीवाल्याला बोलावलेत तर आरसी दाखवायला तयार ठेवा. चांगला कारागीर ते पाहिल्याशिवाय हात लावत नाही.

नव्या कुलपाच्या चावीवर किंवा बॅरलच्या तोंडावर क्रमांक असतो. तो घरी वहीत लिहून ठेवा, चावीच्या साखळीवर नाही. एक जादा चावी केबिनमध्ये ठेवू नका, दोन्ही एकदम आत अडकतात. ती दुसऱ्या माणसाच्या खिशात हवी.

काम झाल्यावर लांबच्या प्रवासाला निघण्याआधी तुळजापूरचा एक फेरा करा. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटरच्या आसपास पडते आणि घाटाच्या वळणांवर बॉडी जेवढी पिळली जाते तेवढी सपाट रस्त्यावर पिळली जात नाही. वर पोचल्यावर आणि परत आल्यावर बिजागरी, स्ट्रायकर आणि वाटीचे सगळे स्क्रू पान्याने तपासा. थ्रेड लॉकर लावलेले स्क्रू फिरवून बघायचे नाहीत, त्यांच्यावर आधीच रंगाची बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू हलला आहे. तो काढून, आटे साफ करून नव्याने बसवा.